परक्या देशाचा पहिला वास: टिपायचा कसा आणि कोणत्या क्रमाने

परदेशाहून परतलेल्या माणसाला विचारा, पोचल्या पोचल्या कसं वाटलं? उत्तर ठरलेलं असतं: स्वच्छ, शांत, थंडी. त्यावरून देश कुठला हे काही कळत नाही. फोनमध्ये सहाशे फोटो असतात, पण विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकल्यावर नाकाला काय लागलं ते चार दिवसांत पुसून गेलेलं असतं. दोष स्मरणशक्तीचा नाही, क्रमाचा आहे. जे सगळ्यात आधी विरतं तेच बहुतेकजण सगळ्यात शेवटी लिहायला घेतात.

ढोबळ मानाने वास काही मिनिटांत विरतो, आवाज पहिल्या दिवसभरात, उजेडाचा वेगळेपणा दोनतीन दिवसांत. स्पर्श थोडा जास्त टिकतो. चवीची घाई नाही, ती रोज नव्याने घेता येते. खालचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत. उदाहरणं लिस्बनची घेतली आहेत, कारण गोव्याच्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. मस्कतला जा नाहीतर टोकियोला, पद्धत हीच.

टप्पा १. निघण्याआधीचा आठवडा: आधी घरचं मोजा

बहुतेकजण हा टप्पा गाळतात आणि पुढचं सगळं त्यामुळेच बिघडतं. आपल्या घराचा, कपड्यांचा, गल्लीचा वास आपल्याला येत नाही. नाक सरावलेलं असतं. तो एकदा जाणीवपूर्वक ओळखला नाही तर तिकडे नेमकं वेगळं काय आहे हे सांगता येत नाही. मग "वेगळाच वास होता" यापलीकडे वाक्य जात नाही.

तीन ठिकाणी प्रत्येकी वीस मिनिटं काढा आणि दर ठिकाणी दहा नोंदी करा.

पहिलं, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. सुक्या मासळीच्या ओळीत, मग चोरीसच्या (गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) माळांपाशी, मग मिरच्यांच्या ढिगापाशी थांबा. एका वासाची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते ते पावलांत मोजा.

दुसरं, पणजी-बेती फेरीचा धक्का. वेळ ओहोटीची निवडा. उघड्या पडलेल्या चिखलाचा कुजकट वास आणि डिझेलचा धूर एकमेकांत मिसळतात का वेगवेगळे येतात? फेरीची लोखंडी फळी धक्क्यावर आपटते तो आवाज कोणत्या अक्षराने सुरू होतो?

तिसरं, पहाटे साडेपाच ते सहा, स्वतःच्या घराची पायरी. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू, झावळ्यांची सळसळ, शेजारच्या चुलीचा धूर.

शिवाय पणजीत अठरा जून रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहून हॉर्न मोजा आणि आकडा वहीत लिहा. तिकडच्या गजबजलेल्या रस्त्यावर हीच मोजणी पुन्हा करायची आहे. "तिथे कोणी हॉर्न वाजवत नाही" या वाक्यापेक्षा दोन आकडे शेजारी ठेवले की बरंच जास्त कळतं, आणि कधीकधी ते वाक्य खोटंही ठरतं.

सामान मोजकं: खिशात मावणारी शिवलेली वही, दोन पेन्सिली, साधं मनगटी घड्याळ, फोनवरचा रेकॉर्डर. पेन्सिलच, कारण हवेचा दाब बदलला की शाईचं पेन गळतं आणि दमट कागदावर शाई फुटते. घड्याळ अशासाठी की वेळ बघायला फोन काढला की पाच मिनिटं गेलीच.

सावधान: बॅगेत चोरीस भरू नका. मांस आणि दूध यांचे पदार्थ बिगर-युरोपीय देशांतून वैयक्तिक सामानात नेण्यास युरोपीय संघात बंदी आहे. ते पकडलं जाऊ शकतं, आणि सुकी सुंगटं (कोळंबी) नीट बंद केली नाहीत तर पहिले तीन दिवस हॉटेलच्या खोलीला म्हापशाचा वास येईल. नोंदी तिथेच संपल्या.

टप्पा २. विमानात: नाक वाचवा

केबिनमधली आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली असते, आणि हवेचा दाब सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्यासारखा. गोव्याच्या दमट हवेत वाढलेलं नाक तिथे कोरडं पडतं, आणि कोरड्या नाकाला वास कमी येतो. पाणी थोडं थोडं पण सतत प्या. उतरण्याआधी तासभर नाकात मिठाच्या पाण्याचे साधे थेंब घाला. बाम, कापूर, मेन्थॉलची कांडी यांना हात लावू नका. त्यांनी नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं खरं, पण पुढचा तासभर त्यांच्याशिवाय दुसरं काही कळत नाही.

मधल्या विमानतळावर ड्युटी फ्रीच्या अत्तरांपासून लांब राहा. मनगटावर फवारून बघितलेलं अत्तर लिस्बनपर्यंत येतं, आणि लोक ते "युरोपचा वास" म्हणून लिहितात. त्या मधल्या विमानतळाला वहीत स्वतंत्र पान द्या, नाहीतर दोन देशांची सरमिसळ होते.

सर्दी झालीच असेल तर ओढूनताणून वास लिहू नका. "नाक बंद" एवढं लिहा आणि थेट टप्पा ५ वर जा.

टप्पा ३. दाराबाहेरची पहिली दहा मिनिटं

विमानाच्या दारात येणारा पहिला भपकारा हा इंधनाचा आणि वातानुकूलनाचा असतो, देशाचा नसतो. पुढच्या बोगद्याला गालिच्याचा वास, सामानाच्या पट्ट्यापाशी रबराचा. हे सगळं जगभर जवळपास सारखंच. यातलं काहीही देशाच्या नावावर टाकू नका. पासपोर्ट तपासणीच्या रांगेत तर वही-फोन बाहेरच काढू नका. बऱ्याच ठिकाणी तिथे फोनला मनाई असते, आणि टिपणं करणारा माणूस अधिकाऱ्याच्या डोळ्यावर येतो.

खरी सुरुवात शेवटच्या सरकत्या दारापासून. मग क्रम असा:

१. दाराबाहेर आलात की थांबू नका. तिथे तासन्‌तास कोंडलेले लोक सिगारेट ओढत उभे असतात. वीसेक पावलं बाजूला जा आणि वाऱ्याकडे तोंड करा.

२. एक दीर्घ श्वास घेण्याऐवजी तीन-चार आखूड हुंगण्या घ्या, कुत्रा हुंगतो तशा. मध्ये दोन सेकंद थांबा.

३. लगेच तीन ओळी लिहा: वास कसा, कुठून आला असं वाटतं, किती वाजले. कुठून आला ते कळलं नाही तर "माहीत नाही" लिहा. अंदाज नको.

४. नाक थकलं असं वाटलं तर स्वतःच्या कोपराच्या खोबणीत एकदा हुंगा, मग परत बाहेर. आपला ओळखीचा वास नाकाला थोडी विश्रांती देतो.

५. त्याच मिनिटात कातडीची नोंद करा. ओठ सुकतात का, मान ओली होते का, चष्म्यावर वाफ धरते का? आखातात उन्हाळ्यात दमट दिवशी थंडगार इमारतीतून बाहेर पडलं की चष्मा पांढरा होतो. थंड देशात उलट, बाहेरून उबदार खोलीत शिरताना होतो. एवढ्या एका तपशिलाने वाचकाला हवामान कळतं, तापमानाचा आकडा लागत नाही.

दहा मिनिटं झाली की वासाचं काम संपलं. त्यानंतर नाक सरावलेलं असतं आणि लिहिलेलं बहुतेक आठवून लिहिलेलं असतं. थंड हवेत वास मुळातच कमी उठतात. जानेवारीत उत्तरेकडे उतरलात आणि काहीच आलं नाही, तर "काहीच नाही" हीसुद्धा नोंदच.

तपासा: पानावर "छान", "प्रसन्न", "वेगळा", "परदेशी" यातला शब्द आहे? खोडा आणि त्या जागी काय होतं ते लिहा.

टप्पा ४. शब्द: मराठीचा साठा वापरा

खरं तर हे टप्पा १ च्याही आधीचं, पण वही भरायला घेतल्याशिवाय त्याची गरज पटत नाही. बहुतेक नोंदी इथे मोडतात. सगळ्याला "वास", नाहीतर "सुगंध" आणि "दुर्गंध". मराठीत वासाला शब्द कमी आहेत असं नाही, आपण ते स्वयंपाकघरातच सोडून येतो.

वास कसा *येतो* याचे शब्द निराळे. लांबून वाऱ्यावर येतो तो दरवळ. एका जागी भरून राहतो तो घमघमाट. एकदम येऊन जातो तो भपकारा. नाकाला टोचतो तो दर्प. बेकरीच्या आत घमघमाट असतो आणि कोपऱ्यावर दरवळ. शब्द अदलाबदल केले तर तुम्ही कुठे उभे होतात हेच चुकतं.

वास *कसला* याचे शब्द आणखी निराळे: खमंग, खरपूस, करपट ही भाजण्याची चढती पायरी. कुबट म्हणजे ओल धरून बंद राहिलेलं, कोंदट म्हणजे हवा न खेळलेलं. जुन्या घराच्या जिन्यात दोन्ही असू शकतात, पण ते एक नव्हेत. आंबूस, खवट, ओशट, उग्र हे चार शब्द बाजारासाठी हाताशी ठेवा. मासळीबाजारात "घाण वास" असं लिहिणारा गोव्याचा माणूस असेल तर त्याला बांगडा वाढू नये. ताजी मासळी, शिळी मासळी आणि मासळी धुतलेलं पाणी यांचे तीन वास त्याला पाठ असायला हवेत.

आवाजासाठी नादाचे शब्द वापरा, पण दोनदा मोठ्याने म्हणून बघा. खडखड पत्र्याची किंवा चाकाची, खणखण धातूची, किणकिण काचेची, करकर लाकडाची, घरघर यंत्राची, सळसळ पानांची, चर्र तव्याची. कॅफेतला चमचा जाड बशीवर पडला तर किणकिण होत नाही, ठक्क होतं. इथे सवयीने शब्द लिहिला की कान बंद झाला म्हणून समजा.

घरच्या बोलीतला एखादा शब्द आधी सुचला तर तोच लिहा. प्रमाण मराठी करायला नंतर वेळ असतो. आणि फुलांबद्दल लिहिताना हात आवरता घ्या. आबोलीला वास नसतो हे वेणी माळणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, तरी परदेशातला फुललेला चौक दिसला की लोक "फुलांचा सुगंध" लिहून मोकळे होतात. वाकून हुंगल्याशिवाय तो शब्द लिहायचा नाही.

टप्पा ५. आवाज: गाडीत बसल्यापासून पहिल्या रात्रीपर्यंत

कानात काही घालू नका. टॅक्सीत, मेट्रोत, जिन्यात, खोलीत, प्रत्येक ठिकाणी एक मिनिट रेकॉर्ड करा. सुरुवातीला हळू आवाजात जागा आणि वेळ बोला.

रेकॉर्डिंगवर पूर्ण विसंबू नका. फोन मोठा आवाज दाबतो, लहान वाढवतो आणि मागची सततची घरघर गाळायचा प्रयत्न करतो, त्यामुळे शांत गल्ली आणि गजबजलेला चौक ऐकायला जवळपास सारखेच वाटतात. आवाजाची पातळी वहीत शब्दांत लिहा: "शेजारच्याशी ओरडून बोलावं लागलं", "स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू आला".

सावधान: अनोळखी माणसांचं संभाषण रेकॉर्ड करू नका. अनेक देशांत ते बेकायदा आहे, आणि सगळीकडे उद्धटपणाचं.

आता गोव्याच्या माणसाचा खास सापळा. लिस्बनमध्ये पाट्या वाचल्या की ओळखीचे शब्द दिसतात: जनेलाचं (खिडकीचं) मूळ, पावाचं मूळ, चावीचं मूळ, इगर्जीचं (चर्चचं) मूळ. वाटतं, भाषा अर्धी येतेच की. मग कोणीतरी बोलतं आणि काही कळत नाही. तिथल्या पोर्तुगीजमध्ये आघात नसलेले स्वर गिळले जातात आणि शब्दाअखेरचा "स" बहुधा "श" होतो. चावीचा मूळ शब्द "शाव्" असा ऐकू येतो. शहराचं नावच तिथले लोक "लिज्बोआ"च्या जवळपास उच्चारतात, आणि त्यातला ज घासून येतो. म्हणून पहिल्या दिवशी शब्द पकडायचे नाहीत. चाल पकडा: वाक्य शेवटी चढतं की पडतं, दोघं एकदम बोलतात की पाळीपाळीने, दुकानदार गिऱ्हाईकाकडे न बघता बोलतो का. अर्थ लागायला लागला की ही चाल ऐकू येईनाशी होते आणि ती परत मिळत नाही.

पहिल्या रात्री झोप मोडणारच. लिस्बन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. आपल्या पहाटेच्या सवयीने तिथे मध्यरात्रीनंतर डोळे उघडतात. कूस बदलत पडू नका, खिडकी उघडून दहा मिनिटं ऐका. शहराचे दिवसा झाकलेले आवाज त्या वेळी सुटे येतात.

टप्पा ६. एका कोपऱ्यावर एक तास

दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रेक्षणीय स्थळ नको, राहत्या जागेपासून पाच मिनिटांवरचा साधा कोपरा: एखादं कॅफे, बसथांबा, उतार. पहिली पंधरा मिनिटं नुसतं ऐका, पुढची पंधरा उजेड बघा, उरलेली अर्धी घड्याळाच्या काट्याप्रमाणे जे येईल ते लिहा.

उजेड वहीतच लिहावा लागतो. फोनचा कॅमेरा पिवळटपणा, निळसरपणा आपोआप "दुरुस्त" करतो आणि सावल्या उजळतो, म्हणजे तुम्हाला हवं तेच काढून टाकतो. तीन गोष्टी बघा. सावलीची कड धारदार आहे की पुसट? पांढऱ्या भिंतीकडे बघताना डोळे बारीक होतात का? सूर्य मावळल्यावर उजेड किती वेळ रेंगाळतो? जूनअखेर लिस्बनला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, पणजीत साताच्या सुमारास. संधिप्रकाशही तिथे जास्त वेळ टिकतो. जेवायची वेळ झाली आणि बाहेर लख्ख ऊन, याने पोटाचा जो गोंधळ उडतो तोही लिहा.

नमुन्याची नोंद अशी दिसावी:

*स. ७.४०, नोव्हेंबर. चढाची गल्ली. ट्रॅम दिसत नाही, आधी रुळांत बारीक झिणझिण, मग खडखड, वळणावर लांब किंचाळी, घंटा दोनदा टण-टण. वरच्या खिडकीतल्या ओल्या कपड्यांच्या साबणाचा भपकारा, वारा पडला की जातो. कॅफेत वाफेच्या नळीचा चर्र, बशीवर चमचा ठक्क. उजेड अजून फक्त चौथ्या मजल्यावर.*

आणि अशी नसावी: *सकाळी लिस्बनच्या रमणीय गल्ल्यांत फेरफटका. जणू आपलं पणजीतलं फोंताइन्हासच! वातावरण अगदी युरोपियन.* यातलं एकही वाक्य लिहायला लिस्बनला जावं लागत नाही.

सावधान: डोळे मिटून ऐकायचं असेल तर बसून, पाठ भिंतीला, पिशवी मांडीवर. पर्यटकांनी गच्च भरलेल्या अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्रॅममध्ये हा प्रयोग करू नका. खिसेकापूंसाठी ती प्रसिद्धच आहे.

टप्पा ७. पाय आणि हात

स्पर्श म्हटलं की लोक हात बघतात. खरं काम पाय करतात. लिस्बनचे पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बेसाल्टच्या लहान हातघडणीच्या दगडांचे आहेत. पावलांनी झिजून ते गुळगुळीत झालेले असतात, आणि पाऊस पडला की बुळबुळीत. उतारावर पोटऱ्या कशा ताठरतात, पाऊल टाचेवर पडतं की चवड्यावर, हे लिहा. बूट रबरी तळाचे आणि पकड असलेले. कोल्हापुरी घालून गेलात तर पुढची नोंद दवाखान्याची.

हातांसाठी पाच गोष्टी पुरतात: दाराची मूठ, जिन्याचा कठडा, नळाचं पाणी, कागदी रुमाल, नाणी. नाणी खिशातल्या खिशात ओळखायचा प्रयत्न करा. वीस सेंटच्या नाण्याच्या कडेला सात खाचा असतात, त्या अंगठ्याला लागतात. नाणी हाताळल्यावर बोटांना येणारा "धातूचा" वास मुख्यतः धातूचा नसतोच, तो धातूच्या संपर्काने आपल्याच कातडीवरच्या तेलाचा होतो. तेव्हा तो परक्या देशाच्या खात्यावर मांडू नका.

टप्पा ८. चव

घाई नको. पहिला घास साध्या गोष्टीचा: पाणी, नुसता पाव, बिनसाखरेची कॉफी. मसालेदार किंवा नावाजलेल्या पदार्थाने सुरुवात केली की जीभ त्याचीच गोष्ट सांगत बसते. पाव मोडताना कवच किती कडक, आत ओल किती, खारट की अळणी, हे पोयीशी, म्हणजे गोव्याच्या पावाशी, ताडून बघायला गोव्याच्या माणसाइतका लायक माणूस दुसरा नाही.

टप्पा ९. रात्री वही उघडल्यावर: तीन रकाने

दुसऱ्या दिवशी रात्री, आधी नाही. नव्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात *जाणवलं ते*, दुसऱ्यात *कारण*, तिसऱ्यात *आपल्याकडचं काय आठवलं*. मूळ नोंदींतून फक्त पहिला रकाना भरा. कारणं त्याच्या पुढच्या दिवशी कोणाला तरी विचारून. तुलना सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक तुलनेत एक "पण" हवाच.

"पण" का? समजा लिस्बनला शरदात रस्त्यावरच्या गाड्यावर चेस्टनट भाजताहेत, जाड मीठ टाकलेले, पांढरा धूर. गोवेकर लगेच लिहितो, काजूबिया भाजल्याचा वास. थांबा. काजूच्या टरफलातल्या तेलाचा धूर घशाला झोंबतो, डोळ्यांतून पाणी काढतो. चेस्टनटचा धूर गोडसर, पिठूळ असतो. "काजूबियांसारखा, पण घसा न धरणारा" असं लिहिलं तर वाचकाला वास आला. नुसतं "सारखा" लिहिलं तर तो गोव्यातल्या काणकोणला परत पोचला.

तपासा: तिसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला असेल तर तुम्ही प्रवास पणजीतच केला.

टप्पा १०. तिसरा दिवस: पडताळा

त्याच कोपऱ्यावर, त्याच वेळी, अर्धा तास. पहिल्या नोंदीतलं काय अजून जाणवतं आणि काय नाही, त्यावर खुणा करा. जे नाहीसं झालं तीच तुमची खरी पहिली छाप. लेखात ते आधी घ्या. जे अजून आहे ते तिथल्या रहिवाशालाही जाणवत असेल. एखादी गोष्ट त्याच दिवसापुरती होती, म्हणजे रस्ता खणलेला, कचऱ्याची गाडी, शेजारी लग्न, असं दिसलं तर ती देशाच्या नावावरून काढून त्या दिवसाच्या नावावर टाका. जुन्या नोंदी खोडू नका, शेजारी लिहा.

टप्पा ११. परत आल्यावर, दार उघडताना

याची संधी एकदाच मिळते. मोपाला किंवा दाबोळीला उतरल्यावर टप्पा ३ जसाच्या तसा पुन्हा करा. न्यायला आलेल्यांना दोन मिनिटं थांबायला सांगा, ते हसतील. मग घर. पंधरा दिवस बंद असलेल्या घराचं दार उघडल्यावर काही मिनिटं ते परक्याचं असतं: पावसाळ्यात कुबट, देवघरातल्या जुन्या वातीचा ओशट, बरणीतल्या तिरफळांचा. निघण्याआधी आठवडाभर धडपडूनही जो सापडत नव्हता तो घरचा वास आता आयता येतो. खिडक्या उघडण्याआधी, पंखा लावण्याआधी, उंबऱ्यावर उभं राहून तो लिहा. बॅगा नंतर आत घ्या.